किल्ली, खिटी आणि मुळशीचे पाणी

‘घड्याळाला किल्ली दिली का?’ आमच्या आजोळी, मुळशी तालुक्यात, फजरची नमाज झाली की नानांचा हा पहिला प्रश्न असे. विचारत ते स्वतःलाच, कारण घड्याळाला हात लावायची परवानगी दुसऱ्या कुणालाच नव्हती. मग खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून ते साखळीचे घड्याळ बाहेर यायचे आणि अंगठा व तर्जनीत धरून नाना वरची मुंडी फिरवू लागायचे. कर्र, कर्र, कर्र. आम्ही मुले मोजत बसायचो. पंचवीस-तीस वेळा फिरवून झाले की मुंडी घट्ट व्हायची आणि नाना हात काढून घ्यायचे. ‘बस. याच्यापुढे जबरदस्ती नको.’

नाना गेले, घड्याळ आमच्याकडे आले. त्यानंतर एक साधी गोष्ट ध्यानात आली. नाना रोज किल्ली देत होते, पण त्या घड्याळाला किल्ली नव्हतीच. होती ती खाचा पाडलेली एक मुंडी. मग आपण ‘किल्ली देणे’, ‘चावी देणे’ असे का म्हणतो? या एका प्रश्नाच्या मागे आम्ही निघालो आणि दिल्ली, दमास्कस, पॅरिस, मुंबई असे फिरून पुन्हा मुळशीच्या पाण्याशी येऊन पोचलो. तो प्रवास येथे मांडत आहोत.

शब्दांपासूनच सुरुवात करू. ‘घड्याळ’ हा शब्द घटीपासून आला. घटी म्हणजे भांडे. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. अशा साठ घटिकांचा एक दिवस, म्हणजे आजच्या हिशेबाने एक घटिका चोवीस मिनिटांची. लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात अशी वाटी सोडण्याची रीत महाराष्ट्रात होती. हिंदुस्थानात आलेल्या बाबराला या पद्धतीचे मोठे कुतूहल वाटले. आपल्या आत्मचरित्रात त्याने घटिका, प्रहर आणि थाळीवर टोले देणारे घडियाली यांचे वर्णन केले आहे. रात्री जाग आलेल्या माणसाला नुसत्या टोल्यांवरून कोणता प्रहर चालू आहे हे कळत नसे. म्हणून घटिकांच्या टोल्यांनंतर प्रहराचे टोलेही द्यावेत, असा हुकूम त्याने काढला. ‘चावी’ हा शब्द तर पोर्तुगीजांच्या ‘शावी’चा आपल्याकडे स्थायिक झालेला भाऊ. म्हणजे ‘घड्याळाला चावी दिली’ या तीन शब्दांत पाण्याची वाटीही आहे आणि समुद्रापलीकडून आलेले कुलूपही आहे.

पाण्याच्या घड्याळाला किल्ली लागत नसे, पण मेहनत लागत असे. वाटी बुडाली की कुणीतरी ती रिकामी करून पुन्हा सोडायची. खलिफा हारून अल-रशीदच्या दरबारातून इ. स. ८०७ मध्ये फ्रँकांचा बादशहा शार्लमेन याच्याकडे पितळेचे पाण्याचे घड्याळ नजराणा म्हणून गेले, तेव्हा युरोपात त्याचे मोठे नवल झाले. इ. स. १२०६ मध्ये अल-जझारीने आपल्या यंत्रांच्या ग्रंथात किल्ल्याच्या आकाराचे एक भव्य जलघड्याळ वर्णिले. त्यात दारे उघडतात, पक्षी तोंडातून गोळे टाकतात, वादक वाजवतात. हे सारे चालायचे ते उंचावरच्या टाकीत साठवलेल्या पाण्यावर. टाकी भरली की घड्याळ ‘भरले’. पाणी वर चढवण्यात खर्ची पडलेली ताकद दिवसभर थेंबाथेंबाने परत मिळायची. वाचकांनी ही कल्पना मनात धरून ठेवावी, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

पाणी खिशात ठेवता येत नाही. घड्याळ खिशात जायचे तर ताकद साठवण्याची दुसरी जागा हवी होती, आणि ती सापडली पोलादाच्या लांब, पातळ पट्टीत. ती गुंडाळली की तिला उलगडायची ओढ लागते. तीच घड्याळाची कमान, म्हणजे मुख्य स्प्रिंग. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा पीटर हेनलाइन अंगावर बाळगता येतील अशी छोटी घड्याळे बनवू लागला. दमास्कसमध्ये जन्मलेला आणि पुढे इस्तंबूलच्या वेधशाळेचा प्रमुख झालेला तकीउद्दीन याने १५५९ मध्ये यांत्रिक घड्याळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वजनावर आणि कमानीवर चालणाऱ्या दोन्ही तऱ्हांची घड्याळे त्यात आहेत. त्याची वेधशाळा १५८० मध्ये पाडून टाकण्यात आली. इल्म आपल्याकडे होते ही गोष्ट आपण नेहमी अभिमानाने सांगतो. ते आपण टिकवले का, हा प्रश्न तितक्या वेळा विचारत नाही.

आता किल्लीकडे येऊ. जुन्या खिशातल्या घड्याळाची किल्ली खरोखरच किल्ली होती. बोटाच्या पेराएवढी, टोकाला चौकोनी भोक असलेली. घड्याळाचे मागचे झाकण उघडायचे, आत दिसणाऱ्या आसाच्या चौकोनी टोकावर ती बसवायची आणि फिरवायची. कमान एका गोल डबीत असते. तिचे आतले टोक आसाला अडकवलेले आणि बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला. आस फिरला की कमान त्याच्याभोवती आवळत जाते. किल्ली काढली की ती आवळलेली कमान आसाला उलटा फिरवू पाहते. तिने तसे केले तर सारी मेहनत एका क्षणात वाया जाईल.

ती वाया जात नाही, कारण आसावर एक दातेरी चाक असते आणि त्या चाकाच्या दातांवर एक लहानशी खिटी टेकलेली असते. चाक पुढे फिरताना खिटी दातांवरून घसरत जाते. नानांच्या सकाळची ती कर्र कर्र म्हणजे या खिटीचाच आवाज. चाक मागे येऊ लागले की ती दातात रुतून बसते. साऱ्या घड्याळात इतका साधा आणि इतका महत्त्वाचा दुसरा भाग नाही. हाताने दिलेली ताकद हाताकडे परत जायची नाही, फक्त पुढे जायची, हे काम तिचे. आता कमानीला उलगडायचे तर डबी फिरवावी लागते. डबीच्या दातांवरून ती ताकद चाकांच्या रांगेतून डोलचाकापर्यंत पोचते. नेहमीच्या खिशातल्या घड्याळात हे डोलचाक तासाला अठरा हजार ठोके देते. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. सकाळच्या अर्ध्या मिनिटाच्या मेहनतीची ही बरकत.

यात एक अडचण होती. पूर्ण आवळलेली कमान जोरात ढकलते, सैल होत आली की दमते. त्यामुळे सकाळी घड्याळ पुढे आणि रात्री मागे. जुन्या कारागिरांनी यावर शंकूच्या आकाराचा एक भाग बसवला. डबी आणि शंकू यांच्यामध्ये दागिन्यातल्यासारखी बारीक साखळी असे. कमान जोरात असताना साखळी शंकूच्या निमुळत्या भागावरून ओढायची आणि दमल्यावर रुंद भागावरून. ओढ सारखी राहायची. पण या रचनेत किल्ली फिरवत असताना चाकांना मिळणारी ताकद तुटायची आणि घड्याळ तेवढा वेळ थबकायचे. इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने किल्ली देतानाही घड्याळ चालू ठेवणारी सोय शोधली. पुढे कमानीचे पोलाद सुधारले, ती लांब आणि पातळ करता आली, आणि तिच्या सगळ्या वेढ्यांपैकी फक्त मधले वेढे वापरायचे असे ठरले. अगदी ताठ आणि अगदी सैल, दोन्ही टोके टाळायची. शंकू आणि साखळी दोन्ही गेली.

किल्ली मात्र राहिली, आणि किल्लीची दुखणीही राहिली. ती हरवायची. झाकण रोज उघडल्याने आत धूळ जायची. उलटी फिरवली तर घड्याळ दुखावायचे. त्यासाठी पॅरिसच्या ब्रेगेच्या नावाने ओळखली जाणारी एक किल्ली निघाली. तिच्यातच खिटी बसवलेली असल्याने ती चुकीच्या दिशेने नुसतीच फिरे, आतल्या कमानीला धक्का लागत नसे. पण खरा उपाय किल्लीच नको हा होता. १८२० मध्ये इंग्लंडच्या थॉमस प्रेस्टने बिनकिल्लीच्या रचनेचे पेटंट घेतले. त्यात मुंडीने कमान भरता येई, पण काटे फिरवता येत नसत. ही दोन्ही कामे एकाच मुंडीकडून नीट करून घेणारी रचना एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत फ्रेंच कारागीर अ‍ॅड्रियन फिलिप याने बसवली. १८४४ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळाले. तेथेच त्याची भेट पोलंडमधून परागंदा झालेल्या आंतोनी पाटेकशी झाली, आणि दोघांच्या नावांची पेढी पुढे जगभर गाजली.

या रचनेत मुंडीच्या दांड्यावर दोन छोटी चाके असतात. मुंडी आत दाबलेली असेल तेव्हा दांड्याचे फिरणे वरच्या चाकांतून डबीच्या दातेरी चाकाला मिळते आणि कमान भरते. मुंडी बाहेर ओढली की एक तरफ सरकते, दांड्यावरचे एक चाक जागा सोडून काट्यांच्या चाकांना भिडते आणि तीच मुंडी काटे फिरवू लागते. भरताना मुंडी मागे फिरवली तर दोन चाकांचे तिरके दात एकमेकांवरून घसरतात आणि काही बिघडत नाही. खिटी मात्र जिथल्या तिथे आहे. पुष्कळ घड्याळांत तर ती शेवटी चाकाला किंचित मागे सरू देते, म्हणजे पूर्ण भरलेली कमान फार ताणून राहत नाही. ‘जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडले’ असे आपण सर्रास म्हणतो. बहुधा तसे नसते. आतले तेल वाळलेले असते आणि दोष किल्ली देणाऱ्या हाताला लागतो.

या सोयीची एक जोखीमही होती. मुंडी खिशात नकळत ओढली गेली तर काटे सरकायचे. १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे थांबून पुन्हा चालू झाले होते, असे चौकशीत निघाले. त्यानंतर तिथल्या रेल्वेसाठी घड्याळांचे कडक नियम झाले. काटे लावायचे तर काच उघडून वेगळी तरफ ओढायची, ही अट त्यांत आली. चार मिनिटांची किंमत माणसांच्या जिवाएवढी असू शकते, हे रेल्वेने जगाला शिकवले.

आपल्याकडे ही घड्याळे आली ती मुंबईच्या बंदरातून. फाव्र-लुबा या स्विस कंपनीचा हिंदुस्थानशी व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीचे दुकान १८८६ मध्ये मुंबईत निघाले, आणि तिचे ‘सोवार’ हे नाव खेड्यापाड्यांतल्या जुन्या घरांतून अजून ऐकू येते. पण घड्याळ घेतले तरी ते कोणत्या वेळेला लावायचे, हा प्रश्न होताच. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, मुंबई शहर आपल्या वेळेवर, आणि दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर. १९०६ मध्ये हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे. गिरण्यांचे भोंगे नव्या वेळेवर वाजू लागले तेव्हा कामगारांनी त्याविरुद्ध काम बंद ठेवले. अंधारात उठून कामावर जायचे ते कुणासाठी, असा त्यांचा सरळ सवाल होता. मुंबईच्या महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

आम्हा मुसलमानांना हा पेच नवा नव्हता. नमाजच्या वेळा सूर्य ठरवतो. घड्याळ फक्त आठवण देते. मुळशीच्या रेखांशावर सूर्य माथ्यावर येतो तो प्रमाणवेळेने सरासरी बारा वाजून छत्तीस मिनिटांनी. ऋतुमानाप्रमाणे हा क्षण बारा वीसपासून बारा पन्नासपर्यंत सरकतो. घड्याळात बारा वाजले म्हणून जवालचा वक्त होत नाही. उस्मानी तुर्कांनी याचा वेगळा तोडगा काढला होता. सूर्य मावळला की बारा वाजले असे धरायचे. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून घड्याळही नित्य जुळवून घ्यायचे. किल्ली देणे आणि वेळ लावणे हे तेथे एकच नित्यकर्म झाले होते. लंडनचे कारागीर अठराव्या शतकात खास त्या बाजारासाठी तुर्की आकड्यांच्या तबकड्यांची घड्याळे बनवत. तुर्कस्तानाने ही पद्धत १९२६ मध्ये सोडली. आणि दूर कशाला जायचे? आमच्या मुळशीत, घाटावर, मुसलमान बहुतेक हनफी. घाट उतरून कोकणात गेलो की शाफई. अस्रची वेळ शाफई धरतात सावली वस्तूएवढी वाढली की, आणि हनफी दुप्पट झाली की. एका घाटाच्या वर आणि खाली, एकाच घड्याळाकडे पाहून, दोन अजाना वेगवेगळ्या वेळी होतात आणि दोन्ही बरोबर असतात.

याच घाटावरून मुळशीचे पाणी खाली उतरते.

मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालायच्या. त्यांना वीज द्यायची म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवायचे ठरवले. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे १९२७ मध्ये. मुळा नदी स्वभावाने पूर्वेला पुण्याकडे वाहणारी. तिचे पाणी अडवून पश्चिमेला वळवले आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हे प्रचंड आकाराचे खिशातले घड्याळच आहे. चार महिन्यांचा पाऊस म्हणजे किल्ली, तलाव म्हणजे डबी, भिंत म्हणजे खिटी. साठलेली ताकद वर्षभर हिशेबाने सोडायची. तलाव श्रावणात भरलेला आणि वैशाखात उतरलेला असतो, तरी पाण्याची उडी इतकी उंच की पातळीतल्या फरकाने तिच्या जोरात फारसे उणे-अधिक होत नाही. कमानीचे मधले वेढे वापरण्याची युक्ती येथे डोंगराने फुकट दिली.

पण डबी ठेवायला जागा लागते, आणि ती जागा रिकामी नव्हती. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे आणि आंबेमोहर भाताची खाचरे त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्यात. बायका-पुरुष तुरुंगात गेले. जमिनीच्या कायद्याने गहाणदार सावकारांचा मोबदल्यावर हक्क पोचत होता, आणि कसणाऱ्याचे हात रिकामे राहत होते. त्यामुळे सावकार आणि कुळे यांच्यात फूट पडली. १९२४ अखेर लढा संपला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण उभे राहिले. धरणाविरुद्ध झालेल्या संघटित लढ्यांतला हा जगातला पहिला, असे अभ्यासक मानतात.

आम्ही नानांचे घड्याळ उघडून ती खिटी पाहतो तेव्हा हा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. ताकद साठवायची तर ती परत मागे जाणार नाही अशी तजवीज करावी लागते. यंत्राचा तो नियमच आहे, त्यात वाईट काही नाही. मुंबईला वीज हवी होती हेही खोटे नाही. त्या विजेवर गिरण्या चालल्या, आणि त्या गिरण्यांत घाटावरच्या आणि कोकणातल्या किती घरांची पोटे भरली, त्यांत आपलीही होती. पण घड्याळात किल्ली देणारा आणि वेळ पाहणारा एकच असतो. मुळशीत किल्ली एकाच्या पावसाची, डबी त्याच्याच जमिनीची, आणि काटे फिरले दुसऱ्याच गावात. माणसांच्या बाबतीत खिटी बसवताना हा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मावळ्यांनी विचारला. आज तरी त्याचे मोल आपण मान्य करावे.

एक गोष्ट मात्र गंमतीची. १९९० च्या दशकात भिऱ्याला असे एक यंत्र बसवले गेले की विजेची मागणी कमी असताना ते खालचे पाणी पुन्हा वर तलावात चढवते आणि मागणी वाढली की तेच पाणी वीज देत खाली येते. म्हणजे मुळशीच्या घड्याळाला पावसाखेरीज आता हाताचीही किल्ली मिळते. अल-जझारीला हे सांगितले असते तर त्याला काही नवल वाटले नसते. टाकी रिकामी झाली की भरायची, हे तो जाणून होता.

किल्लीचे युग आता सरले. बंगळूरच्या एच.एम.टी.ने १९६१ मध्ये देशी घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढे खिशातलीही काढली. ऐंशीच्या दशकात बॅटरीची घड्याळे घरोघर आली आणि एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. आज वेळ मोबाईलमध्ये आहे. मशिदीत भिंतीवर पाच तबकड्या असतात, त्यांचे काटे चालत नाहीत, कुणीतरी हाताने लावतो. आम्हाला त्या आवडतात. वेळ आपोआप येत नाही, ती कुणाच्या तरी हाताने लागते, ही आठवण त्यांत आहे.

नानांचे घड्याळ आता आम्ही रोज फजरनंतर भरतो. दिवसाला दोन-तीन मिनिटे मागे पडते, त्याचे वयच झाले. मुंडी घट्ट झाली की हात काढून घेतो. नाना सांगून गेले आहेत, याच्यापुढे जबरदस्ती नको.